बुजऱ्या घोड्याचा गमावलेला विश्वास : सौम्य प्रशिक्षणपद्धतीचा मानसशास्त्रीय विचार

प्रस्तावना :

अश्व आणि मानव यांचे साहचर्य काही हजार वर्षांचे आहे. युद्ध, दळणवळण, टपाल, शेती आणि राज्यकारभार या सर्व क्षेत्रांत घोड्याने माणसाला साथ दिली. यंत्रयुगात ही गरज ओसरली, तथापि घोडा माणसाच्या जीवनातून नाहीसा झालेला नाही. शर्यती, अश्वारोहणाचे क्रीडाप्रकार, पोलिसांची व लष्कराची अश्वदले, पर्यटन आणि लग्नाच्या वराती यांत तो आजही दिसतो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेतील घोडेबाजार प्रसिद्ध आहे. तर खाजगी मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानमध्ये पर्यटकांची ने-आण करणारा घोडा हा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे.

अशा कामातील घोडा एखाद्या दिवशी अचानक बुजतो. फटाक्याचा आवाज, वाऱ्याने फडफडणारी प्लास्टिकची पिशवी, उघडलेली छत्री, असे कोणतेही निमित्त त्यास पुरते. तो उधळतो, स्वाराला पाडतो, दुगाण्या झाडतो किंवा खोगीर चढवू देत नाही. मग त्याच्यावर 'खोडीचा घोडा' असा शिक्का बसतो आणि तो या हातातून त्या हातात विकला जातो. प्रत्येक नवा मालक त्याला सरळ करण्यासाठी अधिक कठोर उपाय योजतो आणि घोडा अधिकच बिघडतो. हे दुष्टचक्र घोड्याच्या दृष्टीने यातनामय असते आणि माणसाच्याही जिवावर बेतू शकते. मराठीत घोड्यांना शिकवणाऱ्याला 'चाबुकस्वार' असा शब्द आहे. शिकवणाऱ्याची ओळखच चाबकाने व्हावी, यातून जुनी प्रशिक्षणदृष्टी सूचित होते.

बुजऱ्या वा अवघड घोड्याचा आत्मविश्वास सौम्य मार्गाने कसा परत मिळवता येतो, त्यामागे अध्ययनाची कोणती तत्त्वे आहेत आणि 'शांत झालेला घोडा' व 'हतबल झालेला घोडा' यांतील भेद कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घोड्याची भीती : स्वभाव व शरीररचना

घोडा हा मुळात भक्ष्य होणारा, कळपात राहणारा आणि मोकळ्या माळावर चरणारा प्राणी आहे. त्याच्याकडे शिंगे नाहीत, सुळ्यांचा मारा नाही. पळ काढणे हेच त्याचे प्रमुख संरक्षण होय. संशय येताच आधी पळावे आणि सुरक्षित अंतरावर जाऊन मग वळून पाहावे, ही वृत्ती त्याच्या वंशात उत्क्रांतीच्या ओघात रुजली आहे. म्हणून बुजणे ही त्याची खोडी नसून जगण्याची रीत आहे.

त्याची ज्ञानेंद्रियेही याच कामासाठी घडलेली आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला मान न वळवता सभोवारचा जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. मात्र कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीच्या थेट मागचा असे दोन पट्टे त्याला दिसत नाहीत. मागून अवचित आलेल्या माणसावर घोडा लाथ झाडतो, त्याचे एक कारण येथे आहे. त्याची रंगदृष्टी द्विरंगी असल्याने लाल व हिरवा यांतील फरक त्याला नीट कळत नाही. परंतु बारीकशी हालचाल तो चटकन टिपतो. त्याचे कान स्वतंत्रपणे वळतात आणि माणसाला ऐकू न येणारे काही उच्च ध्वनीही त्याला ऐकू येतात. माणसाला 'काहीच नसताना' बुजलेला वाटणारा घोडा पुष्कळदा माणसाच्या लक्षात न आलेल्या एखाद्या गोष्टीला प्रतिसाद देत असतो.

माणसाच्या देहबोलीविषयीही तो विलक्षण जागरूक असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधील 'हान्स' नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ मध्ये केलेल्या परीक्षणात असे आढळले की, हान्सला गणित येत नव्हते. खुराचे ठोके योग्य संख्येला पोहोचताच प्रश्नकर्त्याच्या शरीरात नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो ओळखत होता. मानसशास्त्रात हे उदाहरण प्रयोगकर्त्याच्या प्रभावाचे म्हणून शिकवले जाते. अश्वप्रशिक्षणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, हाताळणारा घाबरला वा रागावला असेल, तर ते घोड्यापासून लपत नाही. स्वीडनमधील एका प्रयोगात (२००९) माणसांनी घोड्याला धरून किंवा त्यावर बसून ठरावीक अंतर चार वेळा पार केले. चौथ्या खेपेस वाटेत छत्री उघडली जाईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या खेपेत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही वाढले.

सौम्य प्रशिक्षणाची परंपरा

सौम्य प्रशिक्षण ही आधुनिक काळाची देणगी आहे, असा समज आढळतो. तो पूर्णतः खरा नाही. भारतात शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाणारी अश्वशास्त्राची परंपरा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात 'अश्वाध्यक्ष' या स्वतंत्र अध्यायात घोड्यांची शाळा, आहार, चाली आणि चिकित्सा यांचा विचार आढळतो. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलेला ग्रंथ तर आजही अभ्यासला जातो. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे त्याचे सांगणे आहे. एखाद्या वस्तूला घोडा बुजल्यास ती आपण स्वतः हाताळून दाखवावी आणि त्याला हळुवारपणे तिच्याजवळ न्यावे. मारून-मुटकून पुढे रेटल्यास त्याची भीती वाढते, कारण होणारी वेदना त्या वस्तूमुळेच होत आहे असे त्याला वाटते, असे तो बजावतो. दोन उद्दीपके एकत्र आल्याने त्यांची सांगड बसते, हे अभिजात अभिसंधानाचे तत्त्व पाव्हलॉव्हने प्रयोगांनी सिद्ध करण्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे झेनोफनने तबेल्यातील अनुभवातून ओळखले होते, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ओहायो राज्याचा जॉन सॉलोमन रेरी (१८२७–१८६६) याने या क्षेत्रात मोठी कीर्ती मिळवली. इंग्लंडला जाऊन १८५८ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियासमोर आपले कौशल्य दाखवले. लोखंडी मुसके बांधून ठेवावा लागणारा 'क्रूझर' नावाचा अत्यंत आक्रमक घोडा त्याने काही तासांतच शांत करून दाखवला, तेव्हा त्याच्या नावाचा गाजावाजा झाला. रेरीच्या पद्धतीला दोन बाजू होत्या. घोड्याला कोणतीही नवी वस्तू हुंगू द्यावी, तिची ओळख होऊ द्यावी, त्याच्याशी दयाळूपणे वागावे, ही तिची एक बाजू. दुसरी बाजू मात्र वेगळी होती. घोड्याचा पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून पट्ट्याने बांधायचा, मग दुसऱ्या पायालाही पट्टा लावून त्याला उभे राहणे अशक्य करायचे आणि झटापट करून दमल्यावर तो आडवा पडला की त्याच्या सर्वांगावरून हात फिरवायचा. चाबूक नव्हता, मारहाण नव्हती. म्हणून त्या काळी ही पद्धत दयेची मानली गेली. परंतु जमिनीवर निश्चल पडलेला तो घोडा खरोखर शांत होता की त्याने प्रतिकाराची आशाच सोडली होती? सौम्य प्रशिक्षणाच्या साऱ्या चर्चेचा गाभा या प्रश्नात आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेतील टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी घोड्याला 'मोडण्या'ऐवजी त्याला समजून घेण्यावर भर दिला. निकोलस इव्हान्स यांची 'द हॉर्स व्हिस्परर' ही कादंबरी (१९९५) व तीवरील चित्रपट (१९९८) यांमुळे हा विचार सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. तथापि, 'घोड्याशी कुजबुजणारा' या प्रतिमेने प्रशिक्षणाभोवती गूढतेचे वलयही निर्माण केले. २००७ मध्ये स्थापन झालेल्या अश्वारोहणविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे वलय दूर सारून प्रशिक्षणाचा विचार अध्ययनाच्या सिद्धान्तांच्या आधारे करण्यास चालना दिली.

निश्चलता म्हणजे शांतता नव्हे

भीती घालवण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला सवयीचा. भीतीदायक वस्तू पूर्ण तीव्रतेने समोर ठेवायची आणि घोडा प्रतिक्रिया देईनासा होईपर्यंत ती तशीच राहू द्यायची. दुसरा क्रमशः असंवेदनीकरणाचा. वस्तूची तीव्रता प्रथम अगदी कमी ठेवून घोडा प्रत्येक पायरीवर शांत झाल्यावरच ती वाढवायची. मानवी भीतिविकारांवरील उपचारांत जोसेफ वोल्पी यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धती याच जातीची होय. तिसरा मार्ग प्रति-अभिसंधानाचा. भीतीदायक वस्तूची सांगड खाद्यासारख्या सुखद अनुभवाशी घालायची.

यांपैकी कोणता मार्ग अधिक फलदायी, याची तुलना डेन्मार्कमधील एका प्रयोगात (२००६) करण्यात आली. दोन वर्षे वयाच्या २७ नर घोड्यांचे तीन गट करून प्रत्येक गटाला एकेका पद्धतीने शिकवले गेले. भीतीची वस्तू होती हलणारी पांढरी नायलॉनची पिशवी. क्रमशः असंवेदनीकरणाच्या गटातील घोडे एकूण कमी वेळा पळाले, शांत राहण्यास कमी सत्रांत शिकले आणि त्या गटातील सर्व घोडे अखेरीस पिशवीला सरावले. अन्य दोन गटांतील काही घोडे मात्र सरावले नाहीत. हळू चालणारा मार्गच लवकर पोहोचवतो, असा या प्रयोगाचा व्यावहारिक अर्थ आहे.

या प्रयोगातील आणखी एक निरीक्षण तितकेच महत्त्वाचे आहे. बाह्य वर्तनातील प्रतिक्रिया थांबल्यावरही घोड्यांच्या हृदयगतीत फरक दिसत राहिले. म्हणजेच घोडा उभा राहिला, पळाला नाही, एवढ्यावरून त्याच्या आतील भीती संपली असा निष्कर्ष काढता येत नाही. मार्टिन सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून 'अध्ययनजन्य असहायता' ही संकल्पना पुढे आणली. सुटकेचा प्रत्येक प्रयत्न निष्फळ ठरल्यास प्राणी प्रयत्न करणेच सोडतो, असे तिचे सार आहे. पाय बांधून पाडलेला घोडा किंवा भीतीच्या वस्तूने चोहोबाजूंनी एकदम घेरलेला घोडा याच अवस्थेला पोहोचण्याचा धोका असतो. तो आज्ञाधारक दिसतो, परंतु त्याचा विश्वास परतलेला नसतो. अशी दबलेली भीती प्रसंगी अनपेक्षितपणे उसळू शकते.

ही दोन रूपे ओळखण्यासाठी घोड्याकडे बारकाईने पाहावे लागते. खरोखर निवांत झालेल्या घोड्याची मान खाली येते, कान सैल पडतात, पापण्या लवतात, श्वास खोल होतो, जबडा ढिला पडतो आणि सभोवताली काय चालले आहे याविषयी त्याचे कुतूहल जागे असते. हतबल घोड्याची नजर थिजलेली, स्नायू ताठ किंवा सारे अंग निर्जीवासारखे असते. जवळ आलेल्या नव्या वस्तूकडे तो वळूनही पाहत नाही. कुतूहल हेच या दोहोंतील सर्वांत विश्वसनीय अंतर मानावे लागेल.

पुनर्प्रशिक्षणाच्या पायऱ्या

१) वेदनेचा शोध : कोणतेही प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी होणे अत्यावश्यक आहे. न बसणारे खोगीर, दातांची तीक्ष्ण झालेली टोके, लगामाने झालेली तोंडातील जखम, पाठदुखी, खुरांचे विकार, जठरातील व्रण यांपैकी काहीही 'खोडी'च्या रूपाने प्रकट होऊ शकते. स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या २४ वर्तनांची एक सूची २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८ वा अधिक वर्तने दिसल्यास स्नायू वा सांधे यांच्या वेदनेची शक्यता मोठी असते, असे तिच्या आधारे सांगितले जाते. दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावणे म्हणजे रोग्याला दुखण्याबद्दल शिक्षा करणे होय.

२) राहणीमानाची सुधारणा : घोड्याचे जठर दिवसभर थोडे थोडे चरण्यासाठी घडलेले आहे आणि त्याचे मन कळपासाठी. दिवसाचे बहुतेक तास एकट्याने ठाणबंद राहणारा, तोबऱ्यातील दाण्यावर पोसलेला घोडा अस्वस्थ असणे स्वाभाविक आहे. पुरेसा चारा, मोकळे हिंडणे आणि दुसऱ्या घोड्याची सोबत या गोष्टी प्रशिक्षणाचा पाया आहेत.

३) जवळ जाणे व मागे सरणे : घोड्याच्या डोक्यासमोरून थेट न जाता खांद्याच्या दिशेने, सावकाश, तिरपे जावे. तो ताठरला की थांबावे. तो सैल पडताच एक पाऊल मागे घ्यावे. आपण शांत राहिलो की दडपण दूर होते, हे त्याला यातून कळते. उलट तो घाबरून पळाल्यावर माणूस मागे सरला, तर 'पळाले की सुटका होते' हाच धडा पक्का होतो. एकाच कृतीचा परिणाम केवळ वेळ साधण्यावर कसा पालटतो, हे येथे दिसते.

४) दाब आणि मोकळीक : लगाम, दोर किंवा पायाचा दाब यांनी घोडा शिकतो तो ऋण प्रबलनाने. येथे ऋण म्हणजे शिक्षा नव्हे. अपेक्षित प्रतिसाद येताच नकोसा दाब काढून घेणे, असा त्याचा अर्थ आहे. दाब सौम्य असावा आणि घोड्याने प्रयत्नाचा अंशही दाखवताच तो सोडावा. शिकवते ती मोकळीक. दाब केवळ प्रश्न विचारतो. प्रतिसाद मिळूनही ओढ चालूच राहिली, तर घोड्याला कोणतेच उत्तर बरोबर ठरत नाही आणि येथूनच गोंधळ, प्रतिकार व भीती जन्म घेतात.

५) पायरीपायरीने ओळख : वरातीतील वाद्यांना बुजणाऱ्या घोड्याचे उदाहरण घेता येईल. प्रथम दूरवरून, मंद आवाजात एकच वाद्य वाजवावे. घोडा चारा खात राहील इतकेच अंतर ठेवावे. तो निवांत झाल्यावर अंतर किंचित कमी करावे, मग आवाज वाढवावा, मग वाद्यांची संख्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तो अस्वस्थ झाल्यास आधीच्या पायरीवर परतावे. सत्रे छोटी असावीत आणि प्रत्येक सत्र घोडा शांत असताना संपवावे. रंगरूपाने फार वेगळ्या वस्तूंच्या बाबतीत घोडा एकीचा अनुभव दुसरीला सहजी लावत नाही, हेही ध्यानात ठेवावे. छत्रीला सरावलेला घोडा ताडपत्रीलाही सरावला असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

६) पारितोषिक : चाऱ्याचा घास हे धन प्रबलन आहेच, परंतु घोड्यांच्या परस्पर वर्तनातील एक गोष्टही उपयोगी पडते. ओळखीचे घोडे एकमेकांच्या मानेच्या मुळाशी खाजवतात. तेथे खाजवल्याने घोड्याची हृदयगती मंदावते, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. खरारा करताना या जागी दिलेला वेळ वाया जात नाही. घोड्याच्या मानेवर जोराने थोपटणे ही मात्र माणसाची आवड आहे, घोड्याची नव्हे.

मर्यादा आणि व्यावहारिक अडचणी

सौम्य पद्धतीला वेळ लागतो, ही तिच्यावरील मुख्य हरकत आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या घोडेवाल्याला बुजरा घोडा काही आठवडे कामाविना ठेवणे परवडणारे नसते. ही अडचण खरी आहे आणि केवळ उपदेशाने ती दूर होणार नाही. तथापि बुजलेल्या घोड्यावर पर्यटक वा नवरदेव बसवण्याची किंमतही मोजावीच लागते. दुसरे असे की, सौम्यता म्हणजे ढिलाई नव्हे. चावणाऱ्या वा पुढचे पाय उचलणाऱ्या घोड्याबाबत मर्यादा स्पष्ट असणे, कुशल व्यक्तीची मदत घेणे आणि सुरक्षिततेची साधने वापरणे आवश्यकच असते. काही घोड्यांत दीर्घ आघातामुळे भीती इतकी खोल रुजलेली असते की ते स्वारीला पुन्हा योग्य होत नाहीत. अशांना निवृत्त करणे हाही दयेचाच भाग आहे. शिवाय भीती पूर्णपणे पुसली जात नाही. नव्या अनुभवांखाली ती झाकली जाते आणि प्रतिकूल प्रसंगी पुन्हा वर येऊ शकते. म्हणून सुधारलेल्या घोड्यालाही अधूनमधून उजळणीची गरज भासते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. घोड्याचे बुजणे हे दुष्टपणाचे लक्षण नसून भक्ष्यप्राण्याच्या संरक्षणवृत्तीचा, वेदनेचा वा चुकीच्या शिकवणुकीचा परिणाम असतो.

२. शिक्षेमुळे भीतीच्या वस्तूशी वेदनेची सांगड बसते आणि भीती बळावते.

३. तीव्रता क्रमाक्रमाने वाढवत नेणारी पद्धती अधिक सुरक्षित असून उपलब्ध प्रयोगांनुसार अधिक जलदही आहे.

४. प्रशिक्षणाचे यश घोड्याच्या निश्चलतेवरून न ठरवता त्याच्या परतलेल्या कुतूहलावरून ठरवावे.

५. हाताळणाऱ्याची स्वतःची मनःस्थिती हा प्रशिक्षणाचाच एक घटक आहे.

शेवटचे दोन निष्कर्ष तबेल्यापुरतेच राहत नाहीत. वर्गातील शांततेचा अर्थ लावणाऱ्या अध्यापकालाही ते लागू पडतात. धाकाने साधलेली स्तब्धता आणि समजुतीने आलेली स्वस्थता बाहेरून सारख्याच दिसतात. घोड्याच्या बाबतीत हा भेद ओळखण्यात झालेली चूक एखाद्या दिवशी स्वाराला जमिनीवर आणते; अन्यत्र ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.